‘बॉयकॉट’चा ‘बहिष्कार’ होताना

इंग्रजीत माणसांच्या आडनावांवरून बरीच क्रियापदे झाली आहेत. पाश्चरवरून ‘पाश्चराइज’, गॅल्व्हानीवरून ‘गॅल्व्हनाइज’, मेस्मरवरून ‘मेस्मराइज’. शेक्सपिअरच्या नाटकांतले अश्लील वाटणारे भाग कापून घरात मोठ्याने वाचण्याजोगी आवृत्ती काढणाऱ्या बाउडलरच्या नावावरून ‘बाउडलराइज’. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. ज्याचे नाव, त्याचेच ते काम. पाश्चरने दूध तापवून जंतू मारण्याची रीत शोधली, बाउडलरने कात्री चालवली. व्याकरणाच्या भाषेत हे सगळे कर्ते आहेत.

‘बॉयकॉट’ हे क्रियापद या रांगेत बसत नाही. कॅप्टन चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट याने कोणालाही बॉयकॉट केले नाही, त्याला केले गेले. तो या क्रियापदाचे कर्म आहे. कर्त्यांची नावे इतिहासाला माहीत नाहीत. ते आयर्लंडमधल्या मेयो परगण्यातले शेतमजूर, कुळे, एक लोहार, एक धोबीण, टपाल नेणारा पोरगा आणि जवळच्या गावातले दुकानदार होते. आपल्याकडच्या क्रिकेटवेड्या पिढीला हे आडनाव यॉर्कशरच्या एका चिवट सलामीच्या फलंदाजामुळे ओळखीचे आहे. पण शब्दकोशात गेला तो हा दुसरा बॉयकॉट.

मी इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत भाषांतर करते. या शब्दाशी माझी गाठ दोन्ही दिशांनी पडते, आणि दोन्ही दिशांचा अनुभव वेगळा आहे. इंग्रजी ‘बॉयकॉट’ मराठीत आणताना हात अडत नाही. ‘बहिष्कार’ हा शब्द तयारच असतो. मराठी ‘बहिष्कृत’ इंग्रजीत नेताना मात्र ‘बॉयकॉटेड’ असे लिहायला हात धजत नाही. एकाच जोडीतला शब्द एका बाजूने बसतो आणि दुसऱ्या बाजूने बसत नाही, याचे कारण शोधताना मेयोपासून महाडपर्यंत जावे लागते.

मेयोपासूनच सुरुवात करू. बॉयकॉटचा जन्म १८३२ चा, इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्यातला. सैन्यात थोडी नोकरी करून तो आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर स्थायिक झाला. पुढे लॉर्ड अर्न या जमीनदाराच्या लॉख मास्क सरोवराकाठच्या जमिनीचा तो कारभारी झाला. धनी दूर राहतो, कारभारी खंड वसूल करतो आणि कुळांना त्याचेच तोंड दिसते, ही व्यवस्था कोकणातल्या खोतीची आठवण असलेल्या वाचकाला वेगळी समजावून सांगायला नको. १८७९ चे पीक वाईट गेले होते आणि चाळीसच्या दशकातल्या बटाट्याच्या दुष्काळाची आठवण जिवंत होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेयोतल्या कॅसलबार येथे ‘आयरिश नॅशनल लँड लीग’ स्थापन झाली. तिचा अध्यक्ष चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल आणि तिचा प्राण मायकेल डेव्हिट. रास्त खंड, कसणाऱ्याला जमिनीवर टिकून राहण्याची हमी आणि आपला कुळहक्क विकण्याची मोकळीक, अशा तीन मागण्या तिच्या नावाशी जोडल्या गेल्या.

१९ सप्टेंबर १८८० रोजी एनिस या गावी पार्नेलने एक भाषण केले. शेजाऱ्याला जमिनीवरून हुसकल्यावर तीच जमीन जो दुसरा कूळ खंडाने घेतो, त्याचे काय करायचे, असा सवाल त्याने जमावाला टाकला. गर्दीतून मारून टाका, गोळी घाला असे आवाज आले. पार्नेल म्हणाला की याहून चांगला आणि अधिक ख्रिस्ती मार्ग आहे. तो रस्त्यात भेटला तर त्याच्याशी बोलू नका, दुकानात, बाजारात, जत्रेच्या मैदानात, प्रार्थनास्थळीसुद्धा त्याला एकटे पाडा. पूर्वी महारोग्याला जसे समाजापासून दूर ठेवत, तसे त्याला ठेवा.

ही शेवटची उपमा लक्षात ठेवायला हवी, तिच्याकडे परत येईन.

त्यानंतर तीन-चार दिवसांतच लॉख मास्कला ठिणगी पडली. लॉर्ड अर्नने खंडात दहा टक्के सूट देऊ केली होती, कुळे पंचवीस टक्के मागत होती. बॉयकॉटने जमीन सोडण्याच्या नोटिसा काढल्या. त्या बजावायला आलेल्या माणसाला गावातल्या बायकांनी दगड, चिखल आणि शेण मारून पळवून लावले. मग बॉयकॉटच्या घरातले आणि शेतावरचे नोकर काम सोडून गेले. लोहार नाल मारेना, धोबीण कपडे धुईना, टपालाची ने-आण थांबली, दुकानदार माल देईनात. बॉयकॉटने ही हकिकत लंडनच्या ‘टाइम्स’ला पत्र लिहून कळवली आणि ऑक्टोबरमध्ये ते छापून आले. इंग्लंडमध्ये आणि उत्तर आयर्लंडमध्ये खळबळ उडाली. कॅव्हन आणि मोनाघन परगण्यांतून पन्नास ऑरेंजमन, म्हणजे इंग्लंडशी निष्ठा सांगणारे प्रॉटेस्टंट, त्याचे पीक काढायला निघाले. त्यांच्या रक्षणाला शेकडो सैनिक आणि पोलीस आले. साधारण पाचशे पौंडांचे पीक काढायला सुमारे दहा हजार पौंड खर्च झाला असा अंदाज दिला जातो. नोव्हेंबरअखेर सैन्य परतले आणि त्याच्याबरोबर बॉयकॉटही कुटुंबासह बाहेर पडला. पुढच्या वर्षी अमेरिकेला जाताना त्याने प्रवासात ‘कनिंगहॅम’ एवढेच नाव लावले. आपले आडनाव तोवर आपले राहिलेले नाही, हे त्याला कळले असावे.

आता प्रत्यक्ष शब्दाच्या जन्माकडे येऊ. त्याची हकिकत जेम्स रेडपाथ या अमेरिकन पत्रकाराने सांगून ठेवली आहे. रेडपाथ गुलामगिरीविरोधी चळवळीत मुरलेला माणूस. जॉन ब्राउनचे चरित्र त्यानेच लिहिले. तो १८८० मध्ये मेयोत होता आणि जॉन ओ’मॅली या स्थानिक कॅथलिक धर्मगुरूकडे जेवायला गेला होता. तिथे त्याने आपली अडचण सांगितली. एखाद्या कुळाने शेजाऱ्याची जमीन बळकावली आणि लोकांनी त्याला वेगळे पाडले, तर त्याला ‘सामाजिक धर्मबहिष्कार’ म्हणता येते. पण जमीनदाराला किंवा त्याच्या कारभाऱ्याला लोक वेगळे पाडतात तेव्हा त्यासाठी अगदी निराळा शब्द हवा. अथेन्सच्या नागरिकांनी खापरीच्या तुकड्यावर नाव कोरून एखाद्याला हद्दपार करण्याच्या प्रथेवरून आलेला ‘ऑस्ट्रसाइज’ हा शब्द होता. पण तो इथल्या शेतकऱ्यांना कळायचा नाही, असे ओ’मॅली म्हणाला. मग थोडा विचार करून त्याने सुचवले, ‘त्याला बॉयकॉट करणे’ असे म्हटले तर?

हा प्रसंग अनेक ठिकाणी गंमत म्हणून सांगितला जातो. भाषांतरकाराला मात्र त्यात गमतीपेक्षा जास्त काही दिसते. रेडपाथला नवा शब्द कशासाठी हवा होता ते पाहा. कृती तीच होती: बोलायचे नाही, विकायचे नाही, काम करायचे नाही. फरक होता तो दिशेचा. समाजाने आपल्यातल्याच एकाला बाहेर काढणे आणि दुबळ्यांनी आपल्यावर सत्ता असलेल्याला एकटे पाडणे, या दोन गोष्टींना एकच नाव असू नये असे त्याला वाटले. ‘बॉयकॉट’ हा शब्द या फरकाच्या पोटी जन्मला.

फरक फार दिवस टिकला नाही. नोव्हेंबर १८८० पासून तो इंग्लंडच्या वृत्तपत्रांत दिसू लागला आणि कूळ, दुकानदार, साक्षीदार, पोलिसाला दूध घालणारी बाई, अशा कोणाच्याही मागे लागू लागला. पाहता पाहता फ्रेंच, जर्मन, डच, रशियन भाषांनी तो आपापल्या प्रत्ययांसह उचलला. आयरिश भाषेतही तो इंग्रजीवरूनच आला. १८८७ च्या आयर्लंडविषयक दंडकायद्याने त्यावर कारवाईची सोय केली आणि १८८८ मध्ये रोममधून कॅथलिकांना बॉयकॉट निषिद्ध असल्याचा निर्णय आला. आठ वर्षांत एक आडनाव संसद आणि धर्मपीठ या दोघांच्या भाषेत शिरले.

कृती अर्थात जुनी होती. १७९१ मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामांचा व्यापार थांबवण्याचे विधेयक फेटाळल्यावर हजारो कुटुंबांनी वेस्ट इंडीजची साखर सोडली. पुढे ‘ईस्ट इंडियाची साखर, गुलामांनी न बनवलेली’ अशा अर्थाचा मजकूर लिहिलेली साखरेची भांडी इंग्लंडमध्ये विकली जात. म्हणजे या हत्याराच्या पूर्वेतिहासात हिंदुस्थान आहे, पण माल म्हणून. अमेरिकेतल्या वसाहतींनी १७६० च्या दशकात ब्रिटिश मालाची आयात नाकारली होती. या लोकांकडे ‘वर्ज्य करणे’, ‘न आणणे’ असे शब्द होते. एक क्रियापद नव्हते. क्रियापद मिळाल्यावर कृती कशी बदलते ते पुढे दिसते. आधी त्याचे कर्म माणूस होते. मग वस्तू आली, मग घटना आली. निवडणूक, सभा, आयोग, १९८० आणि १९८४ ची ऑलिंपिक. आज हॅशटॅग लावून एखाद्या चित्रपटाला ‘बॉयकॉट’ म्हणणाऱ्याला फक्त तिकीट काढायचे नसते. लॉख मास्कच्या धोबिणीने आपली रोजी सोडली होती.

हिंदुस्थानात हा शब्द १९०५ मध्ये मोठ्या आवाजात आला. त्या वर्षी चिनी व्यापाऱ्यांनी अमेरिकेच्या चिनीविरोधी कायद्यांच्या निषेधार्थ अमेरिकन मालावर बॉयकॉट पुकारला होता. बंगालच्या फाळणीची बातमी आल्यावर जुलैमध्ये कृष्णकुमार मित्रांच्या ‘संजीवनी’ने विलायती माल वर्ज्य करण्याची हाक दिली आणि ७ ऑगस्टला कलकत्त्याच्या टाउन हॉलमधल्या सभेने ती उचलली. बंगालीने दोन शब्द वापरले. ‘बयकट’ हा उसना आणि ‘बर्जन’, म्हणजे आपला ‘वर्जन’, हा घरचा. ‘विलाती बर्जन’ म्हणताना वस्तू सोडण्याचा, व्रताचा भाव येतो. उर्दूने ‘बायकाट’ घेतला आणि अरबीतून आलेला, तोडण्याचा अर्थ असलेला ‘मुक़ातआ’ही वापरला. तमिळमधला ‘पुरक्कणिप्पु’ हा शब्द दुर्लक्षाच्या, बाजूला सारण्याच्या अर्थाचा आहे. मराठी, गुजराती, हिंदी, कन्नड, तेलुगू आणि मल्याळम या भाषा संस्कृतच्या ‘बहिस्’कडे वळल्या. बहिष्कार म्हणजे बाहेर करणे.

मराठीत हा शब्द कोरा नव्हता. शतकानुशतके त्याचा अर्थ एकच होता, जातीबाहेर टाकणे. रोटीव्यवहार बंद, बेटीव्यवहार बंद, पंक्तीला बसणे बंद, भटजी येणार नाही, न्हावी येणार नाही. बोलभाषेत त्यालाच वाळीत टाकणे म्हणत, आणि ब्राह्मणांत त्यावरून जो वाद माजे त्याला ग्रामण्य. संन्यास सोडून परत संसारात आलेल्या विठ्ठलपंतांच्या मुलांची, म्हणजे ज्ञानेश्वरादी भावंडांची, परंपरेने सांगितलेली कथा ही वाळीत टाकलेल्या घराची कथा आहे. हिंदी पट्ट्यात ‘हुक्का-पानी बंद’ म्हणतात, बंगालीत ‘धोपा-नापित बंद’. धोपा म्हणजे धोबी, नापित म्हणजे न्हावी. लॉख मास्कची धोबीण इथे आधीपासून हजर होती, फक्त ती कुणाच्या हुकमावरून कपडे नाकारत होती हे निराळे.

ज्यांनी मराठीत ‘बहिष्कार’ राजकीय केला, त्या टिळकांनी स्वतः हा जुना बहिष्कार भोगला होता. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये भाषणाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली. उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’मध्ये छापून आली आणि ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळक आणि रानडे या दोघांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला तोंड द्यावे लागले. पंधरा वर्षांनी तोच शब्द ‘केसरी’तून इंग्रज सरकारवर रोखला गेला. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण या चतुःसूत्रीत तो बसला. जानेवारी १९०७ मध्ये कलकत्त्यातल्या भाषणात टिळकांनी त्याचा अर्थ मालापलीकडे नेला. हे राज्य आपल्याच हातांनी चालते, तेव्हा ते हातच काढून घ्यावेत, असा तो युक्तिवाद होता. शेकडो वर्षे आतल्या माणसावर चालवलेला शब्द बाहेरच्या सत्तेवर फिरवणे, ही भाषिक कृती म्हणून मोठीच होती.

पण शब्द फिरवला म्हणून त्याचे जुने वजन जात नाही. हे सगळ्यात आधी ओळखले ते गोखल्यांनी. डिसेंबर १९०५ मध्ये बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून बोलताना त्यांनी बंगालने अगदी शेवटचा उपाय म्हणून हे हत्यार उचलणे समर्थनीय मानले, पण शब्दाविषयीच हरकत घेतली. ‘बॉयकॉट’मध्ये दुसऱ्याला इजा करण्याची सूडाची इच्छा अनुस्यूत आहे, म्हणून आपण ‘स्वदेशी’ म्हणावे, असे त्यांचे मत होते. दोन वर्षांनी सुरतेत काँग्रेस फुटली, आणि बहिष्काराचा ठराव किती व्यापक असावा हा त्या भांडणातला एक मुद्दा होता. बंगालमध्ये गोखल्यांची भीती खोटी ठरली नाही. विलायती कापड विकणाऱ्या गरीब दुकानदारांवर जातीची जुनी शिक्षा बसू लागली. रवींद्रनाथांच्या ‘घरे बाइरे’मधला निखिलेश आपल्या हाटातल्या गरीब विक्रेत्यांवर सक्ती करायला नकार देतो आणि त्याची किंमत मोजतो. ती कादंबरी १९१६ ची आहे. गांधींनीही असहकाराच्या काळात सामाजिक बहिष्कार ही जातीइतकीच जुनी संस्था असल्याचे बजावले. मान काढून घेणे एक आणि पाणी, न्हावी, वैद्य तोडणे दुसरे, असा भेद त्यांनी केला. मार्टिन लूथर किंग यांना अशीच अडचण पुढे मॉन्टगोमेरीत आली. शहराच्या बसगाड्यांत न बसण्याचे ३८१ दिवसांचे ते आंदोलन जगभर ‘बस बॉयकॉट’ म्हणून ओळखले जाते. पण गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या ‘व्हाइट सिटिझन्स कौन्सिल्स’ कृष्णवर्णीयांची कर्जे आणि नोकऱ्या तोडण्यासाठी हीच पद्धत वापरत होत्या. किंग यांना ते टोचले. दुष्ट व्यवस्थेशी असहकार अशी आपल्या कृतीची व्याख्या करून आपण ‘बॉयकॉट’ हा शब्द पुढे क्वचितच वापरला, असे त्यांनी १९५८ च्या पुस्तकात नोंदवले आहे.

गोखले, गांधी, किंग या तिघांचेही म्हणणे हत्यार हाती घेणाऱ्याच्या जागेवरून आले आहे. हत्यार ज्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालले त्यांच्या जागेवरून हा शब्द मराठीत वेगळाच ऐकू येत होता.

मार्च १९२० मध्ये कोल्हापूर संस्थानातल्या माणगावला भरलेली परिषद ‘बहिष्कृत वर्गा’ची होती. १९२४ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबईत स्थापन केलेली सभा ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर पाणी प्यायल्यानंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिलला, ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक निघाला. टिळकांच्या चतुःसूत्रीतून ‘बहिष्कार’ हे नाम घरोघरी पोचून वीस वर्षे झाली होती, आणि आंबेडकरांनी त्याच धातूचे कर्मणी धातुसाधित निवडले. राष्ट्र म्हणत होते, आम्ही बहिष्कार टाकतो. हे पत्र म्हणत होते, आमच्यावर टाकलेला आहे, आणि टाकणारे तुम्हीच आहात. इंग्रजी व्याकरणात बॉयकॉट हा एकटा माणूस कर्म होता. इथे कर्माच्या जागी एक भारत उभा होता.

पुढच्या दोन घटना मी शेजारी शेजारी ठेवते. १९२८ मध्ये काँग्रेसने आणि इतरांनी सायमन आयोगावर बहिष्कार टाकला. बहिष्कृत हितकारिणी सभेने त्याच आयोगापुढे निवेदन दिले. १९३० च्या पहिल्या गोलमेज परिषदेवर काँग्रेसचा बहिष्कार होता. आंबेडकर आणि रेट्टमलई श्रीनिवासन तिथे गेले, आणि अस्पृश्यांच्या संरक्षणाच्या आराखड्यात त्यांनी जी कलमे मागितली त्यांत एक होते बहिष्काराला गुन्हा ठरवण्याचे. देशभक्तीच्या त्या काळातल्या शब्दसंग्रहात हे विचित्र दिसले असेल. पण मुंबई सरकारने नेमलेल्या आणि आंबेडकर स्वतः सदस्य असलेल्या स्टार्ट समितीने खेड्यातली परिस्थिती नोंदवली होती. अस्पृश्याने हक्काचे पाऊल उचलले की जमीनवाले काम देत नाहीत, दुकानदार माल विकत नाही, येण्याजाण्याची वाट बंद होते. अंगाला हात न लावता माणूस गुडघ्यावर आणण्याचा हा मार्ग उघड मारहाणीपेक्षा परिणामकारक होता.

कलमाचा मजकूर कुठून आला हेही सांगायला हवे. तो १९२२ च्या ब्रह्मदेशातल्या बॉयकॉटविरोधी कायद्यावरून घेतलेला होता. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचा प्रांत होता आणि तिथल्या राष्ट्रवादी संघटनांच्या बहिष्कार-चळवळीला आवर घालण्यासाठी सरकारने तो कायदा केला होता. म्हणजे परक्या सत्तेने देशाभिमान्यांविरुद्ध घडवलेली व्याख्या आंबेडकरांनी उचलली आणि तिचे तोंड गावातल्या सत्तेकडे वळवले. व्याख्येतले शब्द असे: घर किंवा जमीन वापरू न देणे, व्यवहार न करणे, मजुरी न देणे किंवा न करणे, रूढ सेवा न देणे किंवा न घेणे, एरवी ठेवले असते ते सामाजिक आणि व्यावसायिक संबंध न ठेवणे. जवळजवळ याच शब्दांत ही व्याख्या पुढे १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याच्या, म्हणजे आजच्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या, सातव्या कलमात आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात आर्थिक आणि सामाजिक बहिष्काराच्या व्याख्या दुरुस्तीने आल्या, त्यांतही तिचा सांगाडा ओळखू येतो. महाराष्ट्राने जातपंचायतींविरुद्धच्या दीर्घ मोहिमेनंतर २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला आणि तो जुलै २०१७ पासून लागू झाला. त्याआधी १९४९ मध्ये मुंबई राज्याने समाजाबाहेर काढण्याला बंदी करणारा कायदा केला होता. दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो धर्मस्वातंत्र्याविरुद्ध ठरवून रद्द केला.

आता पार्नेलच्या उपमेकडे वळते. मेयोची गोष्ट आपल्याकडे दुबळ्यांच्या निःशस्त्र विजयाची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेही. पण एनिसच्या भाषणातला लक्ष्य कोण होता? जमीनदार नव्हता, कारभारीही नव्हता. दुसऱ्याची जमीन घेणारा कूळच होता, शेजारी. आणि त्याला कसे वागवायचे, तर महारोग्यासारखे. ज्याचा स्पर्श नको, ज्याची सावली नको असा माणूस त्या समाजाच्या कल्पनेत आधीच होता म्हणून ती उपमा लगेच कळली. याचा अर्थ दुबळ्यांचे हे हत्यारसुद्धा बहिष्कृताच्या जुन्या चित्रावर उभे आहे. रेडपाथने दिशेप्रमाणे दोन शब्द करायचा प्रयत्न केला तो म्हणूनच मला महत्त्वाचा वाटतो. त्याला दिसले होते की कृती एकच असली तरी ती वर जाते की खाली येते यावर तिची नीती ठरते. १ एप्रिल १९३३ ला जर्मनीत नाझींनी ज्यूंच्या दुकानांवर जो ‘बॉयकॉट’ पुकारला, तो याच शब्दाने पुकारला. शब्दाने कुठलीही हरकत घेतली नाही.

मराठीत एक सोय आहे, तिचा आपण पुरेसा उपयोग करत नाही. ‘वाळीत टाकणे’ आणि ‘बहिष्कार टाकणे’ या दोन्हींत ‘टाकणे’ आहे, पण टाकली जाणारी गोष्ट वेगळी. पहिल्यात माणूसच टाकला जातो. दुसऱ्यात बहिष्कार टाकला जातो, कोणावर तरी किंवा कशावर तरी. निवडणुकीवर, परीक्षेवर, मालावर बहिष्कार टाकता येतो. निवडणुकीला वाळीत टाकता येत नाही. रेडपाथला जो भेद हवा होता त्याच्या बराच जवळ जाणारा भेद आपल्या बोलीत आहे. म्हणून इंग्रजी मजकुरात गावाने, पंचायतीने, बहुसंख्येने एखाद्या कुटुंबाचे दाणापाणी तोडले असेल, तर मूळ क्रियापद ‘बॉयकॉट’ असले तरी मी ‘वाळीत टाकले’ लिहिते. संपादक कधी कधी ते ‘ग्रामीण’ वाटते म्हणून बदलून ‘बहिष्कार’ करतात. मी परत बदलते.

उलट दिशेला असा सोपा उपाय नाही. ‘बहिष्कृत’ला ‘बॉयकॉटेड’ म्हणता येत नाही, कारण बॉयकॉट म्हणजे चालू असलेला संबंध तोडणे. बॉयकॉटची धोबीण आदल्या आठवड्यापर्यंत त्याचे कपडे धूत होती. कायद्याची व्याख्यासुद्धा ‘एरवी ठेवले असते’ ते संबंध धरून चालते. ज्याच्याशी पाण्याचा, पंक्तीचा, उंबऱ्याचा संबंध एरवीही नव्हता, त्याला तोडायचे काय? त्याच्या बाबतीत बाहेर असणे हीच नेहमीची स्थिती होती, आणि तो आत येऊ लागला की वर आणखी बहिष्कार. इंग्रजीत ‘एक्स्क्लूडेड’ लिहिले तर शब्द नीट बसतो, पण कोणी कोणाला बाहेर ठेवले हे पुसट होते. ‘आउटकास्ट’ लिहिले तर जात ऐकू येते, पण ते एक नाम होऊन बसते, जणू माणूस तसाच जन्मला. ‘बहिष्कृत’मध्ये ‘कृत’ आहे. केलेला. म्हणजे करणारा कोणीतरी आहे.

शेवटी मी बहुतेक वेळा ‘बहिष्कृत’ तसाच ठेवते आणि पुढच्या वाक्यात करणारा येईल अशी वाक्यरचना करते, मग ते इंग्रजीला थोडे जड का होईना. बॉयकॉटच्या गोष्टीत कर्माचे नाव राहिले आणि कर्ते हरवले, ते शेतमजूर होते म्हणून आपण ते चालवून घेतो. इथे कर्ता हरवू देणे परवडणारे नाही.